मेंदूचा हादरा, बालखेळाडूंमधील

डोक्याला, चेहऱ्याला, मानेला किंवा अंगावर अन्यत्र बसलेल्या धक्क्याचा जोर डोक्यापर्यंत पोहोचून मेंदूच्या कामात काही काळ बिघाड होणे, याला मेंदूचा हादरा किंवा कन्कशन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार मुख्यतः बडोद्यातील मराठी आखाडे, व्यायामशाळा व शालेय मैदाने यांच्या संदर्भात केला आहे. ‘मस्तिष्काघात’ हा शब्द वाचकाला पक्षाघाताकडे नेतो, म्हणून येथे ‘हादरा’ हाच शब्द योजला आहे. लक्षणे मात्र बोलीला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. डोळ्यांपुढे काजवे चमकणे, अंधारी येणे, डोके सुन्न होणे हे वाक्प्रचार थट्टामस्करीत इतके गुळगुळीत झाले आहेत की ते मेंदूचे गाऱ्हाणे आहे, हे ध्यानातच येत नाही.

संकल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. दहाव्या शतकाच्या आरंभीचा इराणी वैद्य अल्-राझी याने कवटी फुटून मेंदूला होणारी जखम आणि जखमेवाचून येणारी तात्पुरती विकलता यांत भेद केला, असे अनेक इतिहासकार मानतात. इतर काही जण हे श्रेय तेराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या लॅनफ्रँकला देतात. व्याख्येचा गाभाच तात्पुरतेपणा हा असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. सुश्रुतसंहितेतील १०७ मर्मांपैकी, म्हणजे शरीरातील नाजूक जागांपैकी, ३७ मान व त्यावरच्या भागात आहेत. त्यांवरून हादऱ्याची कल्पना आपल्याकडे प्राचीन होती असे सांगितले जाते. पण मर्मविचाराचा भर आघात किती घातक किंवा वैकल्यकारक यावर आहे. जखमेशिवाय येऊन ओसरणाऱ्या अवस्थेचे वेगळे निदान त्यातून काढणे ओढूनताणून होईल.

हादऱ्याची यंत्रणा आधुनिक काळात उलगडली. ब्रिटिश संशोधक हॉलबोर्न याने १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून दाखवले की सरळ ठोशापेक्षा डोके गर्रकन फिरल्याने मेंदूच्या ऊतींवर अधिक ताण येतो. पेशींमधले पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. हा तोल सावरायला पेशीला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा मंदावलेला असतो. बिघाड रचनेत नसून कामात असल्याने सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, आता खेळू दे’ हा पालकांचा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. स्कॅन रक्तस्राव शोधण्यासाठी असतो, हादरा शोधण्यासाठी नव्हे. हेल्मेट कवटी वाचवते, पण डोक्याचे फिरणे पुरेसे रोखत नाही. मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान कमजोर असते. प्रौढ खेळाडू बहुधा दोन आठवड्यांत सावरतो. मुलाला चार आठवडेही लागू शकतात.

बडोद्याची क्रीडापरंपरा हा या विषयाचा महत्त्वाचा भाग आहे. हुतूतूच्या नियमांची जुळवाजुळव १९२१ च्या सुमारास साताऱ्यात झाली. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम छापून अखिल भारतीय स्पर्धा भरवली. पहिलेपणाचा मान कोणाचा, यावर दोन्हीकडून लिहिले गेले आहे. छापील नियम आणि त्यांवर खेळलेली स्पर्धा हा निकष धरल्यास बडोद्याची बाजू भक्कम ठरते. जुन्या तीन प्रकारांपैकी ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला ‘मेलेला’ गडी जिवंत होऊन परत येई, आणि आजच्या कबड्डीतही हे तत्त्व आहे. बाहेर बसलेल्याने लगेच उठून आत धावायचे, ही सवय या खेळात मुरलेली आहे. ती दुखापतीच्या वेळीही सुटत नाही.

याच शहरात जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रो. माणिकराव यांनी पिढ्या घडवल्या. योगाभ्यासक स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात त्यांचे शिष्य होते. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नावाजलेले होते. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा तालमीतच दुरुस्त करण्याची ही विद्या मोठी आहे आणि तिचा आदर ठेवूनच पुढचे म्हणणे मांडावे लागते. हाड बसवता येते. हादऱ्यात बसवण्यासारखे काही नसते. सूज नाही, वाकडेपणा नाही, हाताला लागण्यासारखे काहीच नाही. म्हणून तालमीच्या अनुभवी नजरेतूनही तो निसटतो.

कबड्डीत तो कसा निसटतो ते पाहण्यासारखे आहे. कोपऱ्यातली जोडी साखळी धरून चढाईपटूवर झेपावते आणि एकाचा गुडघा दुसऱ्याच्या कानशिलावर बसतो. रक्त येत नाही. मुलगा उठतो, चड्डीची माती झटकतो आणि प्रतिपक्षाच्या अंगणात जाऊन उभा राहतो. बघणारे हसतात. कोणी पाण्याचा हबका मारतो, कोणी कांदा फोडून हुंगवतो. सर विचारतात, ‘काय रे, बरा आहेस ना?’ आणि तो म्हणतो, ‘हो सर.’ चुकीच्या अंगणात उभे राहणे हेच निदान होते; त्यानंतर विचारलेल्या प्रश्नाला अर्थ उरत नाही. शुद्ध हरपली तरच हादरा, हा समज घातक आहे. बहुतेक हादऱ्यांत शुद्ध जातच नाही. खो-खोत खांबावर सूर मारताना, कुस्तीत ‘ढाक’ हा डाव लागून मानेवर पडताना आणि क्रिकेटमध्ये उसळत्या चेंडूवर हीच गत होते.

दुखापत दडपून खेळण्याचा दबाव क्वचितच उघड धमकीच्या रूपात येतो. ‘एवढ्याने काय होतं’, ‘शेवटची पाच मिनिटं आहेत’, ‘निवड समितीचे लोक आलेत’ अशा प्रेमळ शब्दांतच तो येतो. २०१० पासून भरणाऱ्या ‘खेल महाकुंभ’ या गुजरात सरकारच्या क्रीडास्पर्धांमुळे हजारो मुलांना संधी मिळाली. संधी वाढली तशी ती हुकण्याची भीतीही वाढली आणि ती घराघरांत शिरली.

शौर्यकथांचाही यात वाटा आहे. बडोद्याचे अंशुमन गायकवाड १९७६ मध्ये किंग्स्टन कसोटीत मायकेल होल्डिंगचा चेंडू कानावर बसून ८१ धावांवर जखमी निवृत्त झाले. कानाचा पडदा फाटला होता. ही हकीकत मैदानावर मुलांना आवर्जून सांगितली जाते आणि ती सांगावी अशीच आहे. परंतु दुसऱ्या डावात ते फलंदाजीला उतरले नाहीत, हा उत्तरार्ध सहसा गाळला जातो. भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्यात डोक्याला चेंडू लागल्यावर स्वतःच्या पायांनी तंबूत परतले होते. तीन दिवसांनी ते गेले.

पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसल्यास मेंदू वेगाने सुजून मृत्यू येऊ शकतो. याला ‘दुसऱ्या धक्क्याचा विकार’ हे नाव १९८४ मध्ये मिळाले. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी प्रसिद्ध प्रकरणे तपासून पुराव्याबद्दल शंका घेतली, आणि तो स्वतंत्र विकार मानावा की नाही हा वाद आजही चालू आहे. नोंदलेली प्रकरणे बहुतांश कोवळ्या वयाची आहेत, हे मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे. त्याच दिवशी पुन्हा खेळवू नये, यावरही दुमत नाही.

खेळांतील हादऱ्यावरच्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अॅमस्टरडॅम परिषदेनंतर ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी वेगळी आणि त्यापुढच्या वयासाठी वेगळी तपासणी सुचवली आहे. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, मग सहा पायऱ्यांनी पुनरागमन, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार हौशी खेळाडूने २१ दिवसांपूर्वी सामना खेळू नये. डॉक्टर बाजूला उभा नसलेल्या आपल्या मैदानांसाठी हाच दंडक अधिक सुरक्षित आहे. पुन्हा पुन्हा उलटी, आकडी, वाढत जाणारी डोकेदुखी, बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, हातपाय लुळे पडणे किंवा जागे करूनही जाग न येणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ वर फोन करून मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. धोक्याची चिन्हे नसतील आणि डॉक्टरांनी पाहिले असेल, तर मुलाला झोपू द्यावे. रात्रभर हलवून जागे ठेवण्याची जुनी रीत आवश्यक नाही. वर्गात पूर्ण वेळ बसून धडा ध्यानात राहू लागल्याशिवाय मुलाला सामन्यात उतरवू नये.