फायनल फँटसी 12

‘फायनल फँटसी’ या जपानी रोल-प्लेइंग (पात्रांची भूमिका घेऊन खेळायच्या) व्हिडिओ गेममालिकेतील बारावा मुख्य भाग. प्रकाशक स्क्वेअर एनिक्स. प्लेस्टेशन 2 साठी जपानमध्ये 16 मार्च 2006 रोजी आणि उत्तर अमेरिकेत त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला प्रकाशित. मालिका 1987 पासूनची. अकरावा भाग (2002) ऑनलाइन असल्याने एकट्याने खेळायच्या भागांत दहाव्यानंतर (2001) थेट हाच येतो. कथा इव्हालिस भूमीतील. आर्केडिया साम्राज्याने गिळलेल्या डल्मास्का राज्याभोवती ती फिरते. संगीत हितोशी साकिमोतो यांचे.

कर्तृत्वाचा प्रश्न : मूळ संकल्पना यासुमी मात्सुनो यांची. इव्हालिस त्यांनी 1997 च्या ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मध्ये उभे केले होते. काम साधारणपणे 2000 च्या अखेरीस सुरू झाले असे मानतात. ऑगस्ट 2005 मध्ये, म्हणजे प्रकाशनाला जेमतेम सात महिने उरले असताना, प्रकृतीच्या कारणाने ते बाजूला झाल्याचे जाहीर झाले. पुढे हिरोयुकी इतो व हिरोशी मिनागावा यांनी दिग्दर्शन आणि अकितोशी कावाझू यांनी कार्यकारी निर्मिती सांभाळली. उत्तरार्धात राजकारण विरळ होते आणि गुहा लांबत जातात. याचे खापर काही जण या बदलावर फोडतात, तर काहींच्या मते एवढ्या उशिरा आराखडा फारसा बदलता येत नाही. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. नायक व्हान कथेच्या कडेलाच राहतो, पण ही उणीव पूर्वार्धापासूनच दिसते.

लढाईची रचना : शत्रू नकाशावरच दिसतात आणि लढाई तिथेच होते, वेगळा पडदा येत नाही. एका वेळी तीन पात्रे उतरतात. खेळाडू एका पात्राला हाताने हुकूम देतो, बाकीची ‘गँबिट’वर चालतात. गँबिट म्हणजे एक ओळ : लक्ष्य व अट, आणि त्यापुढे कृती. पात्र यादी वरून खाली तपासते व लागू पडणारी पहिली ओळ अमलात आणते. हाताने दिलेला हुकूम यादीच्या वर असतो. मूळ आवृत्तीत परवाने (गुण खर्चून मिळवायच्या क्षमता) घेत 12 ओळींपर्यंत जाता येते.

सगळे कौशल्य क्रमात आहे. पडलेल्या साथीदाराला फिनिक्स डाउन (त्याला पुन्हा उठवणारी वस्तू) सर्वांत वर, त्याखाली ‘एचपी (जीवनगुण) 50 टक्क्यांहून कमी असलेला साथीदार : क्युअर (बरे करणारा मंत्र)’, शेवटी हल्ला. मर्यादा 50 ऐवजी 90 ठेवली तर ओरखड्यासरशी मंत्र सुटतो आणि एमपी (मंत्रांसाठी लागणारे गुण) संपतो. ‘कोणताही शत्रू : चोरी’ ही ओळ वर ठेवली की खालच्या हल्ल्याची पाळीच येत नाही, अट ‘एचपी 100 टक्के’ अशी घालावी. गँबिटवर चालणाऱ्या अनुयायांना ‘प्रमुखाचे लक्ष्य : हल्ला’ द्यावे, नाहीतर ते वाटेतल्या निरुपद्रवी प्राण्यांनाही डिवचतात. साथीदारावर रिफ्लेक्ट (मंत्र परतवणारे कवच) असताना क्युअर उलटून शत्रूच बरा होतो. यादी मात्र तोच मंत्र पुन्हा पुन्हा टाकते. उलट मृतवत (भुते, सांगाडे अशा) शत्रूंवर क्युअर हेच शस्त्र ठरते.

‘खेळ स्वतःच खेळतो’ हा आक्षेप जुना आहे. नेहमीच्या शत्रूंबाबत तो खराही आहे. मात्र ठरावीक बलाढ्य राक्षसांच्या शिकारीच्या मोहिमांत यादी सतत बदलावी लागते, आणि या भागाचे मूल्यमापन तिथेच करायला हवे. जपानी साप्ताहिक ‘फामित्सू’ने त्याला 40 पैकी 40 गुण दिले होते.

आवृत्त्या : मूळ खेळातील परवान्यांचा पट सर्वांना एकच असल्याने शेवटी सहाही पात्रे सारखीच होत. 2007 च्या जपानी ‘इंटरनॅशनल’ आवृत्तीत 12 व्यवसायांचे (पात्रांच्या लढाऊ भूमिकांचे) वेगळे पट आले. ‘द झोडियाक एज’मध्ये (प्लेस्टेशन 4, 2017) प्रत्येकाला दोन व्यवसाय घेता येतात, वेगही वाढवता येतो. आज परीक्षण वाचताना ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे आधी पाहावे.

आवृत्तीनुसार किती फरक पडतो यासाठी झोडियाक भाला या बलाढ्य शस्त्राचे उदाहरण पुरेसे आहे. मूळ आवृत्तीत खजिन्याच्या चार ठरावीक पेट्या उघडल्या नाहीत तरच तो नाबुडिसच्या नेक्रोहोल या ठिकाणी मिळतो. त्या पेट्या लोटाऊन, राजवाड्याचे तळघर, नाल्बिनाची कोठडी आणि फॉन किनारा इथे आहेत. पहिली अगदी सुरुवातीला लागते आणि खेळात तसा इशारा कुठेच नाही. ‘द झोडियाक एज’मध्ये ही अट काढून टाकली आहे.