धर्मादाय रुग्णालयात मोफत उपचार: अर्ज नेमका कुठे अडतो

महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय (म्हणजे विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या) रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. अर्जाच्या कागदांपैकी आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी बहुतेकांकडे असतेच.

घोडं अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. योजनेत तहसीलदारांचा दाखला किंवा रेशन कार्ड / दारिद्र्यरेषेचं कार्ड असं म्हटलंय, पण केशरी कार्ड पुढे केलं की बहुतेक काउंटरवर 'तहसीलदारांचाच आणा' हे ऐकावं लागतं. सेतू केंद्रात अर्ज केल्यावर दाखल्याला पंधरवडाही लागू शकतो. पेशंट तेवढा थांबणार आहे का? ऑपरेशन ठरलेलं असेल तर तारीख मिळाली त्याच दिवशी दाखल्याला टाका. उत्पन्न सगळ्या कुटुंबाचं धरतात, मुलाचा पगार लपवू नका. आणि तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, कागद नंतर, हे योजनेतच आहे. निर्धन रुग्णाकडून डिपॉझिट मागता येत नाही.

दुसरी गोष्ट, 'मोफत' म्हणजे काय. निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या फुकट. औषधं आणि इम्प्लांट खरेदीच्या भावाने, आणि तो खर्च रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीतून (रुग्णालयाला आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम त्यात टाकावी लागते). दुर्बल घटकाला मात्र औषधं-इम्प्लांटचे किमान निम्मे पैसे स्वतः भरावे लागतात. हे कुणी आधी सांगत नाही, मग डिस्चार्जच्या दिवशी भांडणं होतात.

डिस्चार्जच्या दिवशी अर्ज करणारेही पुष्कळ. कृपा करून दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. किती खाटा दिल्या, निधी किती खर्चला, याची माहिती रुग्णालयाला धर्मादाय आयुक्तांना द्यावी लागते. तोंडी विचारून परत गेलेला रुग्ण त्या हिशोबात कुठेच दिसत नाही, म्हणून तर 'खाटा भरल्या आहेत' हे उत्तर इतकं सोपं असतं! तेच लेखी मागा. दिलं नाही तर पोचेची प्रत जोडून जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा.