परिचारिका आणि वॉर्डातील भाषा : नियमांमागचा इतिहास

मराठवाड्यात सरकारी कागदाची भाषा शंभर वर्षांच्या आत तीनदा बदलली. निजामाच्या दरबारातील फारसीची जागा 1880च्या दशकात उर्दूने घेतली, 1948च्या पोलीस कारवाईनंतर कारभारात इंग्रजीचे वजन वाढले आणि पुढे 1964च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वैद्यकाचे शिक्षणही उर्दूतून दिले जात असे, ही गोष्ट आज फारशी कुणाच्या लक्षात नाही.

परिचर्येचे शिक्षण मात्र वेगळ्या वाटेने गेले. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा 1947चा. त्यानंतर देशभर एकसारखा अभ्यासक्रम रुजत गेला, तो प्रामुख्याने इंग्रजीतून. परिणामी मराठवाड्यातील परिचारिका आज एकाच पाळीत तीन भाषा वापरते. केसपेपर इंग्रजीत लिहायचा, ‘बीपी लो आहे, आरएल चालू आहे, युरीन आउटपुट बघ’ अशा मिश्र बोलीत हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णाची माहिती, द्यायचा, आणि ‘सिस्टर, जी घबरारा’ म्हणणाऱ्या दखनी बोलणाऱ्या आजींना नेमके छातीत धडधडते आहे, साखर उतरली आहे की नुसती भीती वाटते आहे, हे त्यांच्याच बोलीत विचारून घ्यायचे. देगलूर-धर्माबादकडून तेलुगू बोलणारा, उमरगा-निलंग्याकडून कन्नड बोलणारा आणि तांड्यावरून गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारा रुग्ण येतो तेव्हा पुष्कळदा शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक किंवा वॉर्डातली मावशी दुभाषी होते. ही सोय माणुसकीची खरी, पण औषधाची मात्रा किंवा शस्त्रक्रियेची संमती तिच्या भरवशावर सोडणे धोक्याचे आहे.

‘कामाच्या ठिकाणी अमुकच भाषा’ हे नियम मुख्यतः या अडचणीतून जन्मले असते तर त्यांचा इतिहास निराळा झाला असता. प्रत्यक्षात ते बहुधा सहकाऱ्यांच्या आपसातील बोलण्यावरून निघाले. अमेरिकेत 1964च्या नागरी हक्क कायद्याने राष्ट्रीय मूळ पाहून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. 1980मध्ये तेथील समान रोजगार संधी आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे काढली : सर्व वेळ फक्त इंग्रजी बोलण्याची सक्ती संशयास्पद मानावी, ठराविक प्रसंगापुरती सक्ती असेल तर कामाची खरी गरज दाखवावी. तरीही कॅलिफोर्नियातील डेलानो येथील रुग्णालयात फिलिपिनो परिचारिका व कर्मचाऱ्यांना आपली भाषा बोलल्यावरून टोकण्याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि 2012मध्ये 9 लाख 75 हजार डॉलरच्या तडजोडीने मिटले. इतर भाषा बोलणाऱ्यांना मात्र कुणी अडवत नव्हते, अशी फिर्यादींची तक्रार होती.

आपल्याकडे हा वाद पेटला तो जून 2021मध्ये. दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात मल्याळम बोलू नये, हिंदी किंवा इंग्रजीतच बोलावे, अन्यथा कारवाई होईल, असे परिपत्रक निघाले आणि टीका होताच दुसऱ्याच दिवशी मागे घेण्यात आले. केरळच्या परिचारिकांनी देशभरातील वॉर्ड कित्येक दशके सांभाळले आहेत. त्यांच्यावरच हा बडगा उगारला जावा, हे खटकणारे होते. रुग्णासमोर त्याला न कळणाऱ्या भाषेत त्याच्याविषयी बोलू नये, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र ती चहाच्या सुट्टीतील गप्पांनाही लावली की नियमाचा रुग्णाशी संबंध तुटतो, आणि परिपत्रक लिहिणाऱ्यांनी हा फरक केलाच नव्हता.

ब्रिटन आणि जर्मनीने दुसरा मार्ग धरला : बोलण्यावर पाळत ठेवण्याऐवजी नोंदणीच्या वेळीच भाषेची परीक्षा. जर्मनीत परदेशी परिचारिकेला मान्यतेसाठी सहसा बी-2 पातळीची, म्हणजे कामकाज स्वतंत्रपणे करता येईल इतकी, जर्मन यावी लागते. महाराष्ट्राने 2024मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून ही अट मराठवाड्यातील जीएनएम (परिचर्येची पदविका) आणि बीएस्सी नर्सिंगच्या मुलींच्याही वाट्याला आली आहे.