ब्रिटनमधले प्रांतिक बोलीशब्द

ब्रिटनमधले बोलीशब्द म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये रोजच्या बोलण्यात असलेले पण शाळेतल्या इंग्रजीत कधी न भेटणारे शब्द, किंवा भेटले असले तरी तिकडे ज्यांचा अर्थ भलताच निघतो असे शब्द. आयईएल्ट्स ह्या इंग्रजीच्या परीक्षेत आठ बँड काढून आलेला माणूससुद्धा पहिल्या आठवड्यात बार्न्सलीच्या बसस्टॉपवर किंवा ग्लासगोच्या दुकानात गांगरतो आणि त्याला वाटतं आपलं इंग्रजी कच्चं राहिलं, पण तसं नसतं, समोरचा माणूस जे बोलतोय ते त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. त्यातही एकदम अनोळखी शब्द फार त्रास देत नाहीत, कारण कळलं नाही हे निदान लक्षात येतं आणि माणूस परत विचारतो. खरा घोटाळा ओळखीचे शब्द करतात. ते कळल्यासारखे वाटतात.

सगळ्यात आधी जेवणाचे शब्द. इंग्लंडच्या उत्तरेत आणि मिडलँड्समध्ये, म्हणजे मधल्या पट्ट्यात, बऱ्याच घरांत 'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण आणि 'टी' म्हणजे संध्याकाळी पाच-सहाचं पोटभर जेवण, त्यामुळे 'कम राऊंड फॉर युअर टी' असं बोलावणं आलं तर चहा-बिस्किटाच्या हिशोबाने घरून जेवून जाऊ नये, तिथे ताट वाढलेलं असतं. शेफील्ड-बार्न्सलीकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'स्पाइस' म्हणजे मसाला नाही, मुलांना द्यायच्या गोड गोळ्या. यॉर्कशर ह्या उत्तरेकडच्या परगण्यात 'व्हाइल' हा शब्द 'पर्यंत' ह्या अर्थाने येतो, 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे ड्यूटी नऊ ते पाच, ज्याला हे माहीत नाही तो वाक्याचा शेवट यायची वाट बघत बसतो. स्कॉटलंडमध्ये बाई 'मेसेजेस' आणायला गेली म्हणजे बाजारहाट करायला गेली, फोनशी काही संबंध नाही, आणि 'पीस' म्हणजे सँडविच. 'व्हेअर डू यू स्टे' हा तिकडचा प्रश्न मात्र आपल्याकडून गेलेल्या माणसाला लगेच कळतो, कारण भारतातल्या इंग्रजीतही आपण 'कुठे राहता' ह्यासाठी 'स्टे'च म्हणतो, लंडनकडचा माणूस तोच प्रश्न ऐकून हॉटेलचं नाव सांगेल. आणि उत्तरेत एकटाच माणूस 'गिव्ह अस अ हँड' म्हणाला तर 'अस' म्हणजे तो एकटाच.

पावाचा विषय निघाला की तर विचारूच नका. आपण ज्याला लादीतला पाव किंवा बन म्हणू तसल्या एका साध्या गोल पावाला मँचेस्टरमध्ये 'बार्म', नॉटिंगहॅम-डर्बीकडे 'कॉब', कॉव्हेंट्रीत 'बॅच', यॉर्कशरमध्ये 'ब्रेडकेक' आणि ओल्डहॅम-रॉचडेलच्या बाजूला 'मफिन' म्हणतात, आणि ओल्डहॅम ते मँचेस्टर हे अंतर किती, तर दहा-बारा किलोमीटर. बार्म हा शब्द मुळात बिअर आंबताना वर येणाऱ्या फेसाचा, तो फेस यीस्ट म्हणून पिठात घालत, त्यावरून पावाला नाव पडलं. न्यूकॅसलची 'स्टॉटी' हा प्रकारही वेगळा, चपटी, जाड, चिवट, तिकडच्या बोलीत 'स्टॉट' म्हणजे आपटून उसळणे. सँडविचच्या दुकानात 'बार्म ऑर ब्रेड' असा प्रश्न आला की नवखा माणूस अडतो, कारण त्याच्या मते दोन्ही एकच.

घरांच्या मधून जाणाऱ्या बोळाचंही तसंच. लीड्सकडे 'गिनल', शेफील्डमध्ये तोच शब्द 'जेनल' असा ऐकू येतो, यॉर्कशरमध्येच 'स्निकेट' पण आहे, लेस्टरकडे 'जिटी', नॉटिंगहॅमला 'ट्विचल', दक्षिणेत ससेक्समध्ये 'ट्विटन', लिव्हरपूलला 'जिगर', हल शहरात 'टेनफूट' कारण तो बोळ साधारण दहा फूट रुंद असायचा, आणि एडिनबराच्या जुन्या भागात 'क्लोज' आणि 'वाइंड'. गिनल आणि स्निकेटमध्ये नेमका फरक काय ह्यावर यॉर्कशरची माणसं तासभर वाद घालतात, एकाच घरातल्या दोघांचं एकमत नसतं, म्हणून पत्ता विचारणाऱ्याने त्या वादात न पडता बोट कुठे दाखवलं ते बघावं. यॉर्क शहरात आणखी एक गंमत, तिथे रस्त्याच्या नावात 'गेट' असतं पण दरवाजा कुठे दिसत नाही, कारण हा गेट नॉर्स ह्या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतला 'गाता' म्हणजे रस्ता, आणि कोटाचे जे खरे दरवाजे आहेत त्यांना 'बार' म्हणतात. मिकलगेट बारला दारू मिळेल म्हणून कुणी गेलं तर समोर दगडी वेस उभी.

ह्या शब्दांना गावंढळ किंवा चुकीचं इंग्रजी म्हणणं मला अजिबात पटत नाही, कारण त्यातले कितीतरी शब्द शुद्ध म्हणवणाऱ्या इंग्रजीपेक्षा जुने आहेत किंवा जुना अर्थ धरून बसलेत. 'नेश' म्हणजे ज्याला जरा गारठा सहन होत नाही असा, हा मिडलँड्समधला शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'मऊ' अर्थाच्या शब्दापासून आला, आणि दुसरा सुटसुटीत शब्द त्याला प्रमाण इंग्रजीत नाहीच. 'स्टार्व्ह'चा मूळ अर्थ मरणे, जर्मनमधलं 'श्टेर्बेन' त्याचंच भावंड, पुढे दक्षिणेत तो भुकेने मरण्यापुरता उरला आणि उत्तरेत थंडीने गारठण्यासाठी राहिला, म्हणून तिकडची आजी 'आय अ‍ॅम स्टार्व्हड' म्हणाली तर आधी ब्लँकेट द्यावं. इ.स. ८६५ मध्ये डेन लोकांची, म्हणजे नॉर्स बोलणाऱ्या व्हायकिंगांची फौज इंग्लंडमध्ये उतरली, पुढच्या वर्षी यॉर्क पडलं, आणि नंतर उत्तर-पूर्व भागात त्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यामुळे तिथल्या बोलीत नॉर्स शब्द मुरले. ओढ्याला 'बेक' म्हणतात तो नॉर्स, यॉर्कशरमध्ये खेळण्याला 'लेक' म्हणतात तोही नॉर्स 'लेइका'पासून, आणि खेळण्यांच्या लेगो ह्या डॅनिश नावातला पहिला तुकडा त्याच कुळातला आहे. मुलाला 'बेर्न' म्हणतात तो जुन्या इंग्रजीतही होता आणि नॉर्समध्येही, दोन्हींनी मिळून तो उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये टिकवला. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, पुस्तकं राजधानीकडच्या इंग्रजीत छापली जायला लागली आणि हळूहळू तेच प्रमाण झालं. बाकीच्या बोली मेल्या नाहीत, फक्त छापल्या गेल्या नाहीत.

स्कॉटलंडबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथलं 'स्कॉट्स' ही इंग्रजीची बोली नसून तिची बहीण भाषा आहे असं अनेक अभ्यासक मानतात, २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी ती बोलता येते असं सांगितलं. 'आऊटविथ' म्हणजे 'च्या बाहेर' हा शब्द तर तिकडच्या सरकारी कागदांतही बिनदिक्कत येतो आणि नव्याने रुजू झालेल्याला टायपिंगची चूक वाटते.

हे शब्द गोळा करायचं मोठं काम जोसेफ राइट ह्यांनी केलं. ब्रॅडफर्डजवळ १८५५ मध्ये गरीब घरात जन्म, लहानपणापासून सॉल्टेअरच्या गिरणीत काम, पंधराव्या वर्षाच्या आसपास वाचायला शिकले, आणि पुढे ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा सहा खंडांचा बोलीकोश १८९८ ते १९०५ मध्ये निघाला, त्यात सत्तर हजारांच्या आसपास नोंदी आहेत. ज्या बोलीत ते वाढले तिच्यासाठी त्यांनी हे केलं, ह्यापेक्षा मोठा मान तिला काय मिळणार. नंतर लीड्स विद्यापीठात हॅरॉल्ड ऑर्टन ह्यांच्या पुढाकाराने १९५० ते १९६१ ह्या काळात ३१३ ठिकाणी सर्व्हे झाला, तेराशेच्या वर प्रश्न, तेही शब्द न उच्चारता विचारायचे, म्हणजे वस्तू दाखवायची आणि 'ह्याला तुम्ही काय म्हणता' असं. उत्तरं देणारे बहुतेक म्हातारे शेतकरी-मजूर होते, त्यामुळे शहरातली बोली त्यात फारशी नाही, ही त्या कामातली उणीव मात्र मानावी लागते.

हाक मारायच्या शब्दांनी आपल्याकडच्या बायका सुरुवातीला दचकतात. नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोककडे दुकानदार 'मी डक' म्हणतो, न्यूकॅसलला 'पेट', ग्लासगोला 'हेन', बर्मिंगहॅमला 'बॅब', आणि ब्रिस्टल-डेव्हनकडे चक्क 'माय लव्हर', त्यात वावगं काही नसतं, आपल्या 'ताई'सारखंच ते. 'आवर किड' म्हणजे मँचेस्टर-लिव्हरपूलकडे आपला भाऊ किंवा बहीण, मग तो किड साठ वर्षांचा का असेना. कॉर्नवॉलमधलं 'ड्रेक्ली' 'डायरेक्टली'पासून आलं पण अर्थ 'बघू, होईल कधीतरी', प्लंबर ड्रेक्ली येतो म्हणाला तर त्या दिवशी दुसरी कामं ठरवायला हरकत नाही. वेल्समधलं 'नाऊ इन अ मिनिट' पण त्याच जातीचं.

काही शब्द उलट आपल्याकडून तिकडे गेलेत. 'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्द थेट नाशिकजवळच्या देवळालीचा, ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने उन्हात पडून असत, त्या अवस्थेला 'डूलॅली टॅप' म्हणायचे आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. मित्राला 'पॅल' म्हणतात तो रोमानी म्हणजे जिप्सींच्या भाषेतला 'फ्राल', म्हणजे भाऊ, संस्कृत भ्रातृशी नातं असलेला.

मराठी माणसाचा ह्या बोलींशी सगळ्यात जास्त संबंध दवाखान्यात येतो. १९६० च्या दशकापासून भारतातले डॉक्टर एनएचएस ह्या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत मोठ्या संख्येने गेले, त्यात आपलेही होते, आणि अनेकांना काम मिळालं ते गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांत, जिथे बोली सगळ्यात घट्ट. आजही प्लॅबचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांच्या परीक्षेचा, दुसरा भाग द्यायला मँचेस्टर गाठावं लागतं, पण परीक्षेतला पेशंट आणि ओपीडीतला पेशंट एकसारखा बोलेलच असं नाही. स्कॉटलंडमध्ये इंजेक्शनला 'जॅग', काखेला 'ऑक्स्टर', पांढराफटक पडलेल्याला 'पीली-वॉली'. उत्तरेत कानांना 'लग्ज', आजारी असण्याला 'बॅडली', न्यूकॅसलला बोटात घुसलेल्या कुसळाला 'स्पेल्क', यॉर्कशरमध्ये 'गिपिंग' म्हणजे उमासे येणं. 'केम ओव्हर फनी' म्हणजे एकदम गरगरलं, अस्वस्थ वाटलं, हसू आलं असं नाही. 'मिडलिंग' म्हणजे धड नाही. ह्यावर उपाय एकच, न लाजता नर्सला विचारायचं, ती बहुतेक त्याच गावची असते. सगळ्यात जपायचा शब्द 'पुअरली'. तो ऐकायला सर्दी-पडशासारखा वाटतो आणि घरात त्याच अर्थाने वापरतातही, पण वॉर्डात सीनियर नर्स पेशंट 'व्हेरी पुअरली' आहे म्हणाली की नातेवाइकांना बोलावून घ्यायची वेळ आलेली असते.