गावाचा कार्बन हिशोब

गावातून वर्षभरात किती हरितगृह वायू हवेत जातात आणि झाडं, माती त्यातला किती परत ओढून घेतात, त्याची वजाबाकी म्हणजे गावाचा कार्बन हिशोब. डिझेल आणि पंपाची वीज बिलावरून कळते, ते सोपं आहे. अवघड आहे ते गोठा, भाताचं खाचर आणि खताची गोणी, म्हणजे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड.

हे वायू गावात कुणी यंत्र लावून मोजत नाही, बहुतेक वेळा आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) २००६ च्या गाइडलाइनमधले गुणक, म्हणजे कशातून किती वायू निघतो याचे ठोकळ आकडे, घेतात आणि मतभेद तिथेच आहेत. युरियाचंच बघा, ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र, त्यातला १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडाला असं धरलं, त्या नत्राचं वजन नायट्रस ऑक्साइडच्या वजनात बदललं (४४/२८ पट) आणि २७३ ने गुणलं (हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तेवढ्या पट तापवतो) तर सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम येतो. पण २०१९ च्या सुधारणेत रासायनिक खतासाठी दमट हवामानाला १.६ टक्के आणि कोरड्याला ०.५ टक्के दिलेत, म्हणजे तीच गोणी कोकणात १४२ किलो आणि सोलापूरकडे ४४ किलो. (युरियातल्या स्वतःच्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड ३३ किलो, तो वेगळा.) महाराष्ट्रासाठी हा नवा भेदच जास्त पटतो. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो गुणकसुद्धा आधी २१ होता, आता जनावरांच्या मिथेनला साधारण २७ धरतात, त्यामुळे गोठ्यात एक वासरू न वाढताही गावाचा आकडा वाढतो! म्हणून कुठल्या सालचे गुणक घेतले हे लिहिलेलं नसेल तर दोन गावांची तुलना करूच नये.

उसाचं पाचट जाळलं तर त्याचा कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, कारण पुढचं पीक तो परत घेतं. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात.

भारतातलं पहिलं कार्बन न्यूट्रल गाव, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण असलेलं, कोणतं यावर एकमत नाही. जम्मूतल्या पल्लीला २०२२ मध्ये ५०० किलोवॅटच्या सौर प्रकल्पासोबत पहिली कार्बन न्यूट्रल पंचायत म्हटलं गेलं, पण केरळच्या वायनाडमधल्या मीनंगाडीने २०१६ मध्येच काम सुरू केलं होतं, आणि उत्सर्जन शोषणापेक्षा जास्त निघाल्याचंही तिथे मांडलं गेलं. म्हणजे तिथे वजाबाकी शून्यावर आली नव्हती, पण ती उघडपणे मांडली, म्हणून हिशोबाच्या दृष्टीने मीनंगाडीचं काम जास्त भक्कम वाटतं.

उपायांमध्ये खाचराला आलटून पालटून पाणी देणं (मिथेन बराच कमी होतो), पाचट कुजवणं, सौर पंप आणि गोबर गॅस. गोबर गॅसची टाकी किंवा पाइप गळत असेल तर मात्र मिथेन थेट हवेत जातो, त्यामुळे नुसते संयंत्रांचे आकडे मोजून भागत नाही. भारतातलं पहिलं बायोगॅस संयंत्र मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात झालं असं सांगतात, साल कुठे १८५९ तर कुठे १८९७ दिलेलं असतं. ते रुग्णालयच १८९० चं असल्यामुळे दुसरं साल बरोबर असावं.