वणवा दूर, धूर उरात

२६ सप्टेंबर १९५० रोजी स्कॉटलंडमध्ये दुपारी सूर्य निळा दिसला. ना ग्रहण होतं, ना कुठे ज्वालामुखी फुटला होता. कॅनडाच्या पश्चिम भागात पेटलेल्या वणव्यांचा धूर अटलांटिक महासागर ओलांडून तिथवर पोचला होता. एडिनबरोच्या वेधशाळेत रॉबर्ट विल्सन यांनी त्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. धुरातले कण जवळपास एकाच आकाराचे, साधारण एक मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे) निघाले. असे कण तांबडा प्रकाश जास्त विखुरतात आणि निळा पुढे जाऊ देतात. हा योग दुर्मीळ. वणव्याच्या धुरातले बहुतेक कण याहून लहान असतात. ते निळा प्रकाश विखुरतात आणि आकाश नारिंगी होतं. सप्टेंबर २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आणि जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांनी तेच पाहिलं.

हाच आकार आपल्या जिवावर उठतो. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही बारीक, म्हणजे ‘पीएम २.५’ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण) या गटातले असतात. राखेचे मोठे कण आगीजवळच खाली बसतात. बारीक कण मात्र इतके हलके असतात की पाऊस आला नाही, तर कित्येक दिवस हवेत तरंगत राहतात.

नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव मोठी धूळ अडवतात. हे कण तिथून निसटून थेट फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत जातात, जिथे रक्त आणि हवा यांच्यात पेशींचा जेमतेम एक पातळ पडदा असतो. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण काजळी आणि तिला चिकटलेली रसायनं पचवणं त्यांना जड जातं. मग त्या मदतीसाठी रासायनिक संदेश सोडतात, सूज येते आणि ते संदेश रक्तातून सगळ्या शरीरात फिरतात. रक्त गुठळ्या धरायला सोकावतं, रक्तवाहिन्या आखडतात. म्हणूनच धुराच्या दिवसांत दम्याच्या रुग्णांइतकीच हृदयरोग्यांची काळजी घ्यावी लागते. खोकला नाही म्हणजे धूर बाधला नाही, असं अजिबात नसतं.

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात वणव्यांच्या ज्वाळांनी थेट ३३ जणांचा बळी घेतला. त्याच काळात देशाच्या पूर्व भागात पसरलेल्या धुरामुळे ४१७ जास्तीचे मृत्यू झाले, असा अंदाज संशोधकांनी नंतर मांडला. बातम्यांमध्ये ज्वाळा दिसतात. धुराने गेलेला माणूस हृदयविकाराने किंवा दम्याने गेला म्हणून नोंदला जातो, त्यामुळे ही मोजदाद आकडेशास्त्रातूनच करावी लागते. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून जास्त जंगल जळालं. तो धूर अमेरिकेत उतरला त्या दिवसांत दम्यामुळे तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात येणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त होती.

हे परिणाम लगेचचे. नंतरचं काय, याचं एक उत्तर माकडांकडून मिळालं. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या संशोधन केंद्रात ऱ्हीसस माकडं मोठ्या मोकळ्या कुंपणांमध्ये राहतात. २००८ च्या उन्हाळ्यात आसपासच्या वणव्यांचा धूर त्या केंद्रावर दहा-एक दिवस दाटला. त्या वर्षी जन्मलेली पिल्लं तेव्हा जेमतेम दोन-तीन महिन्यांची होती. ती वयात आल्यावर तपासली, तर पुढच्या वर्षी स्वच्छ हवेत जन्मलेल्या माकडांपेक्षा त्यांची फुप्फुसं लहान आणि प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद मंद आढळला. माणसाच्या मुलांवर असा प्रयोग कुणी करणार नाही आणि करूही नये. म्हणून मला हा पुरावा मोलाचा वाटतो. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं आणि त्याची फुप्फुसं अजून घडत असतात. बाळाला ‘थोडासा धूर’ चालतो असं म्हणणाऱ्यांनी ही माकडं आठवावीत.

धूर म्हणजे नुसती काजळी नव्हे. कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन, बेंझिन असे वायू त्यात असतात. लाकूड भडकून जळतं तेव्हा काजळी जास्त निघते; धुमसतं तेव्हा सेंद्रिय कण आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त. इंडोनेशियातल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या जमिनी तर पृष्ठभागाखाली महिनोन्‌महिने धुमसतात. १९९७ आणि २०१५ मध्ये त्यांच्या धुराने शेजारच्या सिंगापूर आणि मलेशियालाही वेढलं. वणवा वस्तीत शिरला की मामला आणखी बिघडतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव जळालं. घरांबरोबर रंग, तारा, पाइप, गाड्या असं सगळंच पेटलं आणि त्या धुरातलं शिसं सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या सॅन होजेच्या हवेतही सापडलं.

आपण धुराचा अंदाज वासावरून घेतो, आणि इथेच फसतो. जळक्या लाकडाचा वास देणारी संयुगं उन्हात आणि हवेत काही तासांतच बदलून जातात. कण उरतात. वाटेत त्यांच्यावरही ऑक्सिडीकरणाची प्रक्रिया होत राहते आणि पेशींना इजा करण्याची त्यांची ताकद वाढू शकते. शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेला शिळा धूर नाकाला सौम्य वाटतो, पण फुप्फुसांसाठी तो सौम्य असेलच असं नाही. शिवाय तोच वास तासभर घेतला की नाक त्याची दखल घेणं थांबवतं.

डोळ्यांचंही तसंच. उपग्रहाच्या चित्रात एखाद्या शहरावर धुराचा जाड पट्टा दिसतो, पण तो तीन-चार किलोमीटर उंचीवरून जात असेल तर जमिनीवरची हवा ठीक असते. उलट, रात्री दरीत थंड हवा तळाशी साठते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडला जातो. अशा ठिकाणी पहाटेची हवा सगळ्यात वाईट असते. ऊन वर आलं की थर मोडतो आणि आकडे उतरतात. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून पीएम २.५ चा आकडाच पाहावा, आणि तोही ताशी. चोवीस तासांची सरासरी धुराच्या बाबतीत दिशाभूल करते, कारण धूर दोन तासांत येतो आणि तितक्याच झपाट्याने जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची दिवसाची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम ठरवली. दाट धुरात हा आकडा काहीशेवर जातो. घरगुती स्वस्त सेन्सर कणांवरून विखुरलेला लेझर मोजतात आणि धुरात आकडा फुगवून सांगतात. तरी चढ-उतार कळायला ते पुरेसे आहेत.

मास्कबद्दल गैरसमज फार. ओला रुमाल किंवा कापडी मास्क या कणांपुढे जवळपास निरुपयोगी. एन-९५ मास्कची कसोटी ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात, त्यामागे कारण आहे. मोठे कण वळणावर वळू न शकल्याने धाग्यांवर आदळतात. अगदी बारीक कण सैरावैरा भरकटत धाग्यांना चिकटतात. ०.३ च्या आसपासचे कण दोन्हींतून सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून धाग्यांवर विद्युतभार दिलेला असतो, जो त्यांना ओढून धरतो. असा मास्क धुतला की हा भार जातो, तेव्हा तो धुवू नये. दाढी असेल तर कडेने हवा आत येते आणि सगळी मेहनत वाया जाते. वायू मात्र एन-९५ अडवत नाही.

खिडक्या बंद केल्याने धूर कमी होतो, थांबत नाही. एक खोली निवडून तिच्यात हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचं यंत्र लावणं सर्वांत उपयोगी. ते नसेल तर चौकोनी पंखा आणि चार फिल्टर चिकटवून बनवलेला कॉर्सी-रोझेंथल डबाही चांगलं काम देतो. ओझोन सोडणारी ‘हवाशुद्धी’ यंत्रं घेऊ नयेत. ओझोन स्वतःच फुप्फुसांना जाळतो. तळण, मेणबत्ती, सिगारेट त्या दिवशी बंद. पण वणवे बहुधा उकाड्यातच पेटतात, आणि बंद घरात वृद्ध माणसाला उष्माघात होण्याचा धोका खरा असतो. घर तापत असेल तर थंड आणि स्वच्छ हवेच्या दुसऱ्या जागी जाणंच बरं.

धूर ओसरला की खिडक्या लगेच उघडाव्यात. भिंती, पडदे, गाद्या यांनी शोषलेली रसायनं पुढचे कित्येक दिवस खोलीत परत सुटत राहतात. राख झाडूने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि ते करतानाही मास्क लावावा.