२७० (संख्या)

२७० (दोनशे सत्तर) : एक सम नैसर्गिक संख्या. ग्वाल्हेर किल्ल्यावरील शिलालेखात कोरलेल्या शून्यामुळे तिचे नाव घेतले जाते. अंकगणितात मात्र तिची ओळख वेगळ्याच कारणाने आहे.

मूळ अवयव २ × ३³ × ५. विभाजक एकूण १६, त्यांची बेरीज ७२०, म्हणजे १ ते ६ यांचा गुणाकार. स्वतः २७० वगळता उरलेल्या विभाजकांची बेरीज ४५० भरते, म्हणजे २७० पेक्षा जास्त, म्हणून ही विपुल संख्या. विपुल संख्या ढिगाने सापडतात, त्यात नवल नाही. नवल आहे ते विभाजकांच्या हरात्मक मध्यात (संख्या × विभाजकांची संख्या ÷ विभाजकांची बेरीज) : २७० × १६ ÷ ७२० = ६. हा मध्य असा नेमका पूर्णांक क्वचितच येतो. नॉर्वेचे गणिती ऑयस्टीन ओरे यांनी १९४८ मध्ये अशा संख्यांचा विचार मांडला, म्हणून त्यांना ओरे संख्या म्हणतात. १, ६, २८, १४०, २७०, ४९६ अशी त्यांची सुरुवात होते. स्वतः वगळता उरलेल्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते ती परिपूर्ण संख्या; अशी प्रत्येक संख्या (६, २८, ४९६) ओरे संख्या असतेच. १४० आणि २७० परिपूर्ण नसूनही या पंक्तीत बसतात. १ सोडून विषम ओरे संख्या अद्याप एकही सापडलेली नाही. ती नसतेच असे सिद्ध झाले, तर विषम परिपूर्ण संख्या असते का, हा जुना प्रश्नही निकालात निघेल.

ग्वाल्हेरचा तो शिलालेख किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात आहे. अखंड खडकात कोरलेले हे छोटे विष्णुमंदिर हत्ती पोळ या दरवाज्याकडे चढणाऱ्या पूर्वेच्या पायवाटेवर लागते. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातली मराठी मंडळी पाहुण्यांना गाडीने पश्चिमेच्या उरवाई दरवाज्यातून वर नेतात, त्यामुळे ते बहुधा पाहायचे राहून जाते. संवत ९३३ (इ. स. ८७६) च्या या संस्कृत लेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात, तसेच देवाला रोज ५० माळा, अशी नोंद आहे. २७० आणि ५० मधली शून्ये लहान वर्तुळाकार असून इतर अंकांपेक्षा आकाराने कमी आहेत. याला ‘जगातले पहिले शून्य’ म्हणण्याची हौस स्थानिकांना आहे, पण कंबोडियातील शके ६०५ (इ. स. ६८३) च्या लेखात शून्य आधीच ठिपक्याच्या रूपात आलेले आहे. ग्वाल्हेरच्या लेखाचे मोल कमी होत नाही : मापे आणि माळा मोजायच्या रोजच्या व्यवहारात दशमान लेखन तेव्हा मुरलेले होते, हे तो दाखवतो.

बागेचे क्षेत्रफळ ५०,४९० चौरस हात. २७० ला १८७ (११ × १७) ने गुणून आलेल्या या संख्येचे विभाजक ६४ होतात, पण हरात्मक मध्य पूर्णांक राहत नाही.